खातो जास्त, पण अंगी लागत नाही: उंदरांमधल्या मेदाच्या जनुकांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

ॲनिमल हाऊसच्या डावीकडच्या रॅकवर, खालून दुसऱ्या ओळीत एक पिंजरा होता. त्यात चार नर उंदीर. दोघे काळेभोर, तुकतुकीत. उरलेल्या दोघांचे केस विरळ, कातडीवर कोंडा सुटलेला, डोळे अर्धवट मिटलेले. चौघे सख्खे भाऊ, एकाच वेतातले. पीएच.डी.ला लागल्यावर मला मिळालेलं पहिलं काम म्हणजे या चौघांना वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवायचं आणि महिनाभर रोज सकाळी ठरलेल्या वेळी त्यांचं खाद्य आणि त्यांची वजनं तोलून वहीत लिहायची. डीएनए तपासायचा पीसीआर नाही, प्रथिनं ओळखायचं वेस्टर्न ब्लॉट नाही, फक्त तराजू. माझ्याबरोबर लागलेली मुलं जेल चालवत होती आणि मी खाद्याचे तुकडे मोजत होते, याचं मला तेव्हा वाईट वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यातच आकडे बोलू लागले. विरळ केसांचे दोघे भावांपेक्षा जास्त खात होते आणि तरी हडकुळेच होते. माझी आजी गोठ्यातल्या एखाद्या म्हशीबद्दल म्हणायची तसं, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. त्याच वहीत मी समासात आणखी एक गोष्ट लिहून ठेवली होती. घरटं करायला प्रत्येक पिंजऱ्यात कापसाचा एक चौकोनी तुकडा टाकतात. भावांनी तो अर्धामुर्धा कुरतडून कोपऱ्यात लोटलेला असायचा. या दोघांनी मात्र त्याचा तंतू न तंतू पिंजून खोल वाटीसारखं घरटं केलेलं असायचं, आणि सकाळी त्यातून त्यांची फक्त शेपटी दिसायची. ‘घरटं फार खोल,’ एवढंच मी लिहिलं. प्रश्नाचं उत्तर त्या तीन शब्दांत होतं आणि ते कळायला मला सात-आठ महिने लागले.

या उंदरांमध्ये एससीडी-१ नावाचं जनुक बंद केलेलं होतं. या जनुकाचं एन्झाइम पेशीतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पडद्यात बसलेलं असतं आणि एकच काम करतं. संपृक्त मेदाम्लाच्या साखळीत नवव्या कार्बनपाशी एक दुहेरी बंध घालतं. स्टिअरिक आम्लाचं ओलिक होतं, पामिटिकचं पामिटोलिक. हे ऐकायला रुक्ष वाटतं, पण थंडीच्या दिवसांत सकाळी स्वयंपाकघरात जाऊन बघा. तूप चमच्याने खरवडावं लागतं आणि शेजारचं शेंगदाण्याचं तेल मात्र ओतता येतं. त्या फरकात मोठा वाटा याच दुहेरी बंधांचा. पेशीचा पडदा किती लवचिक राहील, ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवणीचा मेद, किती सहज बांधलं जाईल, कातडीवरचं तेल कसं असेल, हे सगळं या एका बंधावर अवलंबून असतं.

या जनुकाची गोष्ट मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते, कारण आमच्या क्षेत्रात विचार कसा चुकतो आणि कसा सुधारतो हे तिच्यात लख्ख दिसतं. १९६५ साली एका उंदराचं वर्णन छापून आलं. त्याच्या कातडीतल्या तेलग्रंथी जवळजवळ नव्हत्याच, केस गळलेले. त्याला नाव पडलं ‘असेबिया’, म्हणजे सीबम, कातडीतलं तेल, नसलेला. पुढची तीस-चौतीस वर्षं त्याला त्वचेचे अभ्यासक सांभाळत राहिले. १९९९ मध्ये कळलं की त्याच्यात बिघडलेलं जनुक म्हणजे एससीडी-१. २००२ मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या जेम्स न्टाम्बी यांच्या गटाने दाखवलं की हे जनुक काढून टाकलेले उंदीर चरबीयुक्त आहारावरही लठ्ठ होत नाहीत. त्याच वर्षी रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने, न्टाम्बी यांच्याच साथीने, असेबियाचा संकर लेप्टिन हे भूक आवरणारं संप्रेरक नसलेल्या अतिलठ्ठ उंदराशी केला, आणि त्या संततीचा लठ्ठपणा बराच उतरला. सगळ्यांचे डोळे यकृताकडे लागले. मेद तयार होतो यकृतात, तेव्हा उत्तरही तिथेच असणार, असा सरळ हिशोब.

मग २००७ मध्ये न्टाम्बी यांच्याच गटाने फक्त यकृतातलं एससीडी-१ काढलं. चरबीयुक्त आहारावर ते उंदीर इतरांसारखेच जाड झाले. साखरेच्या आहारावर तेवढा फरक पडला. आणि २००९ मध्ये त्यांनी ते फक्त कातडीतून काढलं. यकृत शाबूत, चरबीच्या गाद्या शाबूत, फक्त कातडीत बदल. तो उंदीर भरपूर खाऊनही सडपातळ राहिला.

हा लेख वाचला त्या संध्याकाळी मी वही काढून ते पान पुन्हा उघडलं. घरटं फार खोल. त्या उंदरांना थंडी वाजत होती. कातडीवर तेलाचा थर नाही, त्यामुळे अंगातली ऊब आणि ओलावा सतत बाहेर जातो, आणि शरीराचं तापमान टिकवायला दिवसरात्र इंधन जाळावं लागतं. चुलीत लाकूड सारत राहायचं आणि घराची दारं-खिडक्या सताड उघड्या, अशी त्यांची गत. हे उत्तर मी लॅबमध्ये येण्याआधीच छापून आलेलं होतं. मी वाचलेलं नव्हतं, कारण मी फक्त यकृतावरचेच लेख वाचत होते.

म्हणून या कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं असं, की जनुकाच्या नावात ‘मेद’ आहे म्हणून नजर फक्त यकृतावर आणि पोटाच्या चरबीवर ठेवू नका. आख्खा प्राणी बघा. तो कसा चालतो, कसा झोपतो, घरटं कसं करतो, पिल्लं किती देतो, कातडी कशी दिसते. तापमानाचा मुद्दा तर कायमचा मनात कोरून ठेवा. ॲनिमल हाऊस साधारण २२ अंशांवर असतं, कारण तिथे काम करणाऱ्या माणसांना ते बरं वाटतं. उंदराला निवांत वाटतं ते ३० अंशांच्या आसपास. म्हणजे आपले सगळे उंदीर, निरोगी धरून, थोडे कुडकुडतच जगत असतात. एखादं जनुक काढल्यावर उंदीर सडपातळ झाला असं कुठे वाचलंत, तर तो किती अंशांवर ठेवला होता आणि एकटा होता की भावंडांबरोबर, हे आधी शोधा.

आता थोडं या जनुकांच्या साखळीविषयी. नव्याने आलेल्याला नावांचा गोंधळ होतो, माझाही झाला होता, पण ओळ एकच आहे. जेवणातली जास्तीची साखर तुटून ॲसिटिल-कोए होतं. एसीसी नावाचं एन्झाइम त्याचं मॅलोनिल-कोए करतं, फॅटी ॲसिड सिंथेज त्यांची साखळी विणतं, एससीडी-१ तिच्यात दुहेरी बंध घालतं. मग ग्लिसरॉलच्या कण्यावर एकेक साखळी चढवली जाते, मधल्या टप्प्यावर लिपिन फॉस्फेट काढून टाकतं, आणि शेवटची साखळी चढवतं डीगॅट. झालं ट्रायग्लिसराइड. या सगळ्यांवर हुकूम चालवणाऱ्या प्रथिनांमध्ये ठळक म्हणजे स्रेबीपी कुटुंब. त्याचा शोध डॅलसमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेत लागला. कोलेस्टेरॉलवरच्या कामासाठी या दोघांना १९८५ चं नोबेल आधीच मिळालेलं होतं. जेवल्यावर इन्सुलिन वाढतं, त्याने यकृतातलं स्रेबीपी-१सी वाढतं, आणि पुढची सगळी मंडळी कामाला लागतात. एवढी ओळ तोंडपाठ झाली की या विषयातले निम्मे लेख वाचता येतात.

पण ओळ पाठ असणं वेगळं आणि जिवंत उंदरात ती एका जागी तोडली तर काय होईल हे सांगता येणं वेगळं. फॅटी ॲसिड सिंथेजचं उदाहरण घ्या. आहारातून मेद मिळतोच, मग स्वतः बनवता आला नाही तर काय बिघडेल, असं कुणालाही वाटेल. २००३ मध्ये बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या सलीह वकील यांच्या गटाने हे जनुक काढलं, तर दोन्ही प्रती गेलेले भ्रूण गर्भाशयात रुजायच्या आधीच संपले. इतकंच नव्हे, एकच प्रत गेलेल्यांपैकीही पुष्कळ गर्भातच दगावले. म्हणजे जन्माआधीच्या त्या पहिल्या काही दिवसांत पेशीला स्वतःचा मेद स्वतःच विणावा लागतो. एसीसीची दोन रूपं आहेत. एसीसी-१ काढल्यावरही भ्रूण जगत नाहीत. एसीसी-२ काढलेले उंदीर मात्र व्यवस्थित जन्मतात. २००१ मध्ये याच गटाने लिहिलं की ते जास्त खातात, जास्त मेद जाळतात आणि सडपातळ राहतात. पुढे दुसऱ्या गटांनी स्वतंत्रपणे तेच जनुक काढलं, तेव्हा त्यांना वजनात तसा फरक दिसला नाही. कोण खरं, कोण खोटं, असा वाद घालण्यात अर्थ नाही. उंदरांची जात, आहार, जनुक तोडण्याची जागा, खोलीतलं वातावरण, यांपैकी कशानेही असा फरक पडू शकतो. एखाद्या निष्कर्षावर आपली तीन वर्षं लावायच्या आधी तो निदान दोन वेगळ्या गटांना मिळाला आहे का, हे बघण्याची सवय मला यातूनच लागली.

न जन्मलेल्या पिल्लांचा धडा मी स्वतःच्या कामात शिकले, आणि त्याची किंमत तीन महिने होती. आम्ही मेदाच्याच एका जनुकाची एक प्रत गेलेले, म्हणजे हेट, नर-मादी जोडीला लावले होते. मेंडेलच्या हिशोबाने चार पिल्लांमागे एक होमो, म्हणजे दोन्ही प्रती गेलेलं, मिळायला हवं. पहिल्या दोन वेतांत एकही नाही. मी म्हटलं, पीसीआर बिघडला. प्रायमर बदलले, तापमान बदललं, डीएनए पुन्हा काढला. तिसरं वेत झालं, त्यातही नाही. सगळी मिळून वीस पिल्लं झाली होती. तेव्हा एका सीनियरने कागद पुढे ओढला आणि विचारलं, ‘वीस पिल्लांत एकही होमो न येण्याची शक्यता किती?’ पाऊणचा विसावा घात. हजारात तीनच्या आसपास. पीसीआर ठीक होता. पिल्लंच जन्माला येत नव्हती.

त्यानंतर आम्ही उलट वाटेने गेलो. संध्याकाळी जोडी लावायची, सकाळी लवकर जाऊन मादीचा प्लग, म्हणजे संग झाल्यावर योनीत बसणारी घट्ट गुठळी, बघायचा, प्लग दिसला तो गर्भाचा अर्धा दिवस धरायचा, आणि ठरलेल्या दिवशी गर्भ तपासायचे. उंदराचा गर्भकाळ जेमतेम १९ ते २१ दिवसांचा, त्यामुळे एका दिवसाच्या चुकीने सगळं चित्र बदलतं. प्लग सकाळीच बघावा लागतो, दुपारपर्यंत तो गळून पडू शकतो. यात झोपमोड होते हे खरं, पण त्याला पर्याय नाही. कोणत्या दिवसापर्यंत होमो भ्रूण दिसतात आणि कोणत्या दिवसापासून नुसते शोषलेले ठिपके उरतात, यावरून ते जनुक विकासाच्या कोणत्या टप्प्यावर लागतं हे कळतं. तुमच्या कोलनीत पिल्लांचं प्रमाण बिघडलेलं दिसलं तर तो अडथळा समजू नका. बऱ्याचदा तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण तेच असतं.

भ्रूण मरतो म्हणून मग एखाद्या अवयवापुरतंच जनुक काढायची पद्धत आहे, क्री-लॉक्स. तिच्यातही गमती निघतात. सेंट लुईसमध्ये क्ले सेमेनकोविच यांच्या गटाने २००५ मध्ये फक्त यकृतातलं फॅटी ॲसिड सिंथेज काढलं. मेद बनवणारं यंत्रच नाही, तेव्हा यकृत कोरडं ठणठणीत राहायला हवं ना? त्या उंदरांना मेदविरहित आहार दिला, तर यकृतात चरबी साठली आणि रक्तातली साखर खाली आली. कारण असं निघालं की यकृताने नुकताच बनवलेला मेद हा नुसता साठा नसतो, निरोपही असतो. तो पीपीएआर-अल्फा या नियंत्रकाला जागं करतो आणि जुना मेद जाळायला लावतो. निरोप देणाराच नाही, म्हणून जाळणं थांबलं. त्या नियंत्रकाला औषधाने जागं केल्यावर बिघाड सुधारला. हा प्रयोग मी पहिल्यांदा समजून घेतला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, इतका तो मला सुंदर वाटला. मेद म्हणजे फक्त इंधन नाही, बोलीसुद्धा आहे, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि एका रिकाम्या यकृतात ते दिसणं वेगळं.

लिपिनचीही गोष्ट अशीच. अमेरिकेतल्या मेन राज्यात जॅक्सन लॅबोरेटरी आहे, १९२९ पासून. तिथल्या कोलनीत आपोआप उद्भवलेला एक उंदीर होता, एफएलडी नावाचा. पिल्लू असताना यकृत चरबीने सुजलेलं, दूध सुटेपर्यंत ते आपोआप बरं होतं. पण पुढे अंगावर चरबी धरत नाही आणि चाल लटपटते, कारण नसांवरचं मायलिनचं आवरण बिघडतं. २००१ मध्ये लॉस एंजलिसच्या यूसीएलएमधल्या कॅरन रू यांच्या गटाने त्यामागचं जनुक शोधून त्याला लिपिन नाव दिलं. ते प्रथिन नेमकं करतं काय, हे २००६ मध्ये कळलं, आणि तेही यीस्टवरच्या कामातून. रटगर्स विद्यापीठातले जॉर्ज कारमन फॉस्फॅटिडिक आम्लावर काम करणारं एन्झाइम कित्येक वर्षं शोधत होते, ते लिपिनचंच भावंड निघालं. उंदरावर काम करणाऱ्यांनी यीस्टवाल्यांचे सेमिनार चुकवू नयेत, असं मी म्हणते ते यामुळेच.

आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही लिपिनच शिकवतं. ज्या मुलांमध्ये हेच जनुक बिघडलेलं असतं, त्यांच्या अंगावरची चरबी उंदरासारखी जात नाही. त्यांना ताप किंवा उपासाच्या वेळी स्नायू विरघळू लागण्याचा गंभीर त्रास होतो. डीगॅट-१ तसंच. उंदरात ते काढलं तर प्राणी जगतो आणि सडपातळ राहतो. माणसाच्या बाळात ते नसलं तर जन्मापासून तीव्र जुलाब सुरू होतात. एससीडीची तर उंदरात चार वेगवेगळी जनुकं आहेत आणि माणसात दोन. तेव्हा ‘या जनुकावर औषध काढलं तर लठ्ठपणा जाईल’ असं वाक्य लिहिण्याआधी दहादा विचार करा. कातडीचा, आतड्याचा, डोळ्याच्या पापणीतल्या तेलग्रंथींचा विचार करा.

हाताच्या कामाबद्दल काही गोष्टी सांगते, ज्या मला कुणी वेळेवर सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

यकृतातली चरबी दाखवायला मी पहिल्यांदा नेहमीच्या पद्धतीने पॅराफिनमध्ये तुकडे बसवले. छान पातळ काप निघाले. ऑइल रेड ओ या मेदाला लाल करणाऱ्या रंगाने रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघते तर लाल ठिपका एकही नाही, नुसती पांढरी गोल भोकं. पॅराफिनआधी अल्कोहोल आणि झायलीनमधून जावं लागतं, आणि त्यातच सगळा मेद विरघळून गेला होता. सहा उंदरांची यकृतं गेली. ते प्राणी गेले याचं मला अजून वाटतं. मेद रंगवायचा तर ऊतक गोठवूनच कापायचं, हे एक वाक्य माझ्या टेबलावर आजही चिकटवलेलं आहे. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने मेद काढताना काचेच्या नळ्या वापरा, साध्या नळ्यांचं प्लास्टिकच क्लोरोफॉर्ममध्ये उतरतं आणि मग तुम्ही उंदराचा मेद मोजताय की नळीचा, कळत नाही.

उपास हा दुसरा सापळा. उंदीर रात्री खातो, दिवसा झोपतो. रात्रभर त्याला उपाशी ठेवणं म्हणजे त्याचं मुख्य जेवणच काढून घेणं. एवढ्या लहान जिवाला तो फार मोठा उपास असतो. वजन झपाट्याने उतरतं, आणि अंगातली चरबी सुटून यकृतात येते, त्यामुळे निरोगी उंदराचं यकृतसुद्धा सकाळी चरबीने भरलेलं दिसू शकतं. पहिल्यांदा ते पाहून मी माझ्या साध्या उंदरांनाच आजारी ठरवलं होतं. उलट बाजूने, उपाशी उंदरात स्रेबीपी-१सी खाली गेलेलं असतं आणि पुन्हा खायला दिल्यावर ते उसळतं. म्हणून कोणत्या वेळी खाद्य काढलं, दिवे किती वाजता लागतात, प्राणी किती वाजता घेतला, हे प्रत्येक नोंदीत लिहा. ‘सकाळी’ एवढं लिहून भागत नाही.

तुलनेसाठी नेहमी सख्खी भावंडं घ्या. बाहेरून विकत आणलेला काळा उंदीर दिसायला सारखा असला तरी सी५७ब्लॅक/६ या काळ्या उंदरांच्या जातीतही जे आणि एन अशा शाखा आहेत. जे शाखेत एनएनटी नावाचं जनुक मुळातच बिघडलेलं आहे, आणि त्याचा परिणाम इन्सुलिनवर होतो. एकीकडे जे आणि दुसरीकडे एन अशी तुलना झाली तर तुम्ही भलत्याच जनुकाचा अभ्यास करत बसाल. भावंडं वेगळी ठेवायची वेळ आली तर दोन्ही गटांची सारखीच वेगळी ठेवा.

भारतात काम करणार असाल तर पहिला उंदीर हातात घेण्याआधी संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी लागते. सीसीएसईए, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची समिती, तिच्या नियमांनुसार फॉर्म बी भरून किती प्राणी, का, आणि वेदना कमी कशी करणार, हे लिहून द्यावं लागतं. बरेच विद्यार्थी हा फॉर्म जुन्या फाइलीतून उतरवून काढतात. तसं करू नका. ‘सहाच्या ऐवजी दहा का?’ या रकान्याचं उत्तर नीट शोधलंत की तुमचा सगळा प्रयोग कागदावर उभा राहतो. माझ्या वाया गेलेल्या सहा यकृतांचा हिशोब मला त्या रकान्यात पुढच्या वेळी प्रामाणिकपणे मांडावा लागला होता. आई फोनवर विचारायची, ‘अगं, मग त्या उंदरांचं शेवटी काय होतं?’ मी सांगायचे. लपवण्यासारखं काही नाही, पण सहज सांगण्यासारखंही नाही. एका प्राण्यापासून यकृत, स्नायू, कातडी, रक्त, सगळं नीट नोंदून ठेवलं तर दुसऱ्या प्रश्नासाठी दुसरा प्राणी लागत नाही. कातडी फेकून देऊ नका, हे आता वेगळं सांगायला नको.

डीगॅटचं जे सांगायचं राहिलं होतं ते सांगते. हा शेवटची साखळी चढवणारा गडी दोन रूपांत असतो. डीगॅट-२ काढलेली पिल्लं २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट फरीस यांच्या गटाने पाहिली. ती जन्मल्यावर काही तासांतच जातात. अंगात इंधनाचा साठा नाही आणि कातडी पाणी धरून ठेवू शकत नाही. पुन्हा कातडीच. डीगॅट-१ काढलेले उंदीर त्याच गटाने २००० साली दाखवले होते. ते जगतात, सडपातळ असतात, आणि त्यांच्या माद्यांना पिल्लं झाली तरी दूध उतरत नाही. कारण दुधातला मेद म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइडच. म्हणून ही कोलनी चालवताना होमो नर आणि हेट मादी अशी जोडी लावतात.

मी दुसऱ्या वर्षाला असताना कार्ड वाचण्यात चूक केली आणि होमो मादी जोडीला लावली. एकवीस दिवसांनी संध्याकाळी पिंजरा उघडला तर सहा पिल्लं, गुलाबी, वाटाण्याच्या शेंगेएवढी, आणि आई त्यांच्यावर व्यवस्थित पसरून बसलेली. ती आपल्या परीने सगळं करत होती. एकेक पिल्लू उचलून दिव्यासमोर धरलं. नवजात पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की प्यायलेलं दूध डाव्या बाजूला, बरगडीखाली पांढऱ्या ठिपक्यासारखं आरपार दिसतं. सहांपैकी एकाच्याही पोटात ठिपका नव्हता.

सुदैवाने पलीकडच्या रॅकवर एक पांढरी मादी आदल्या दिवशीच व्यालेली होती. ॲनिमल हाऊसमधल्या काकांनी दाखवलं तसं केलं. आधी त्या मादीला क्षणभर बाजूला काढलं, तिच्या पिंजऱ्यातला मूठभर भुसा घेऊन आमची पिल्लं त्यात हलकेच घोळवली, म्हणजे वास तिच्या घरचाच राहतो. तिची काही पिल्लं कमी केली, आमची सहा मध्ये मिसळली, आणि मादीला परत सोडलं. ती सगळ्यांना हुंगून एकदा फिरली, एक पिल्लू तोंडात धरून घरट्यात ओढलं आणि बसली. रात्रभर पिंजरा उघडायचा नाही, अशी ताकीद काकांनी दिली होती.

सकाळी जाऊन झाकण काढलं. सगळी पिल्लं एका ढिगात, पण आमची ओळखू येत होती, कारण त्यांच्या डोळ्यांच्या जागी कातडीखाली काळे ठिपके होते, पांढरीच्या पिल्लांना तसे नव्हते. एकेक करून उजेडात धरलं. पहिल्याच्या पोटात पांढरं. दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. पाच जणांची पोटं भरलेली होती. सहावं ढिगाच्या कडेला पडलं होतं, त्याचा ठिपका अगदी पुसट, तीळभर. त्याला मधोमध सरकवलं, झाकण लावलं आणि कार्डावर वेळ लिहिली, सकाळी सव्वासात.